सोलापूर जिल्ह्यात सरकारी निधीतून कृषी प्रदर्शन कसं भरवावं: आराखड्यापासून हिशेबापर्यंत

डिसेंबर लागला की मला फोन यायला सुरुवात होते. कधी करमाळ्याकडून, कधी सांगोल्याकडून, कधी अक्कलकोटच्या सीमेवरच्या गावातून. मागणी एकच असते. "दादा, गड्ड्याच्या आसपास आमच्या तालुक्यात कृषी प्रदर्शन घ्यायचंय. सरकारचा निधी कसा मिळतो तेवढं सांगा." (गड्डा म्हणजे सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा.) उत्साह खरा असतो, गटातली पोरं कामाची असतात. तरी मला सांगावं लागतं की या वर्षीचं गणित हातातून गेलं. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाची तयारी मात्र याच आठवड्यात सुरू करता येईल.

सरकारी मदतीचं प्रदर्शन मैदानावर तीन-चार दिवस दिसतं. त्याचं नाव आदल्या आर्थिक वर्षात तयार होणाऱ्या सरकारी कृती आराखड्यात चढलेलं असावं लागतं. ज्यांना हे कळतं त्यांचं प्रदर्शन सरकारी पैशात उभं राहतं. बाकीचे वर्गणी गोळा करतात आणि शासन मदत करत नाही म्हणून हळहळतात. तालुक्याच्या शेतकरी सल्ला समितीवर काम करताना मी जे शिकलो, त्यातलं काही ठेच लागून शिकलो. ते सगळं इथं क्रमाने मांडतो.

आधी दार ओळखा

आपल्याकडे शेतीखात्याच्या दोन फांद्या आहेत आणि शेतकऱ्यांचा पहिला गोंधळ इथंच होतो. एक फांदी राज्य शासनाची. पुण्यात कृषी आयुक्त, त्यांच्याखाली विभागीय कृषी सहसंचालक, जिल्ह्यात जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, मग उपविभागीय आणि तालुका कृषी अधिकारी, शेवटी गावात येणारे सहाय्यक कृषी अधिकारी, म्हणजे पूर्वीचे कृषी सहाय्यक. दुसरी फांदी जिल्हा परिषदेची. तिथं कृषी विकास अधिकारी आणि पंचायत समितीतले कृषी अधिकारी. दोघांच्या पाट्यांवर 'कृषी' असलं तरी पैसे वेगळे, मंजुरी वेगळी आणि लेखापरीक्षणही वेगळं.

या दोघांशिवाय तिसरं नाव आहे 'आत्मा', म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा. ही जिल्हा पातळीवरची नोंदणीकृत संस्था आहे. तिच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि रोजचं काम प्रकल्प संचालक बघतात. शेतकरी मेळावे, प्रदर्शनं, शिवारफेऱ्या, अभ्यास दौरे हे आत्माचं मुख्य काम आहे. गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने पहिला अर्ज घेऊन आत्माकडेच जावं असं माझं स्पष्ट मत आहे. तालुक्याला त्यांचे तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापक बसतात, लोक त्यांना 'बीटीएम साहेब' म्हणतात. तुमची फाईल खरी तिथून हलते.

जनावरांचं प्रदर्शन जोडायचं असेल तर पशुसंवर्धन विभाग वेगळा. तिथंही राज्याचे जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त आणि जिल्हा परिषदेचे जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी अशी दोन दारं असायची, सध्या कुठं जायचं ते आधी विचारून घ्या.

पैसा कुठून येतो

आत्माची योजना केंद्र पुरस्कृत आहे. 2005-06 पासून ती चालू आहे आणि सध्या खर्चाचा वाटा केंद्र 60 टक्के, राज्य 40 टक्के असा आहे. जिल्हा पातळीवरचं प्रदर्शन, मेळावा किंवा फळ-भाजीपाला प्रदर्शन यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत जिल्ह्याला 4 लाख रुपयांचा मापदंड दिला गेला आहे. म्हणजे केंद्राचे 2 लाख 40 हजार आणि राज्याचे 1 लाख 60 हजार. हा आकडा संबंध जिल्ह्याचा आहे हे विसरू नका. सोलापूरला 11 तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याने स्वतंत्र मोठं प्रदर्शन मागितलं तर कुणाच्याच वाट्याला धड मांडवही येणार नाही. म्हणून शेजारच्या दोन-तीन तालुक्यांनी एकत्र येऊन मागणी करावी. मंगळवेढा, सांगोला आणि पंढरपूर मिळून एक प्रदर्शन ही मागणी टिकते. ज्वारी, डाळिंब आणि खिलार जनावरं एका मैदानावर येतात आणि अधिकाऱ्यालाही टिपणी लिहायला मुद्दा मिळतो.

दुसरा स्रोत जिल्हा वार्षिक योजनेचा. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी. पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात तयार होतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरीय बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब होतं. कृषीच्या लेखाशीर्षाखाली किंवा नावीन्यपूर्ण योजनेच्या कप्प्यात प्रदर्शन बसू शकतं. मात्र मागणी कार्यान्वयन यंत्रणेमार्फत, म्हणजे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी किंवा जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत गेली पाहिजे. आमदारांचं शिफारसपत्र जोडल्यास बरं पडतं. पण नुसत्या पत्रावर पैसे येत नाहीत, यंत्रणेचा प्रस्ताव मागे हवा.

तिसरा स्रोत जिल्हा परिषदेचा सेस, म्हणजे तिचं स्वतःचं उत्पन्न. रक्कम छोटी असते, पण निर्णय सोलापुरातच होतो, मुंबईपर्यंत कागद जात नाही. चौथा स्रोत बाजार समिती. सोलापूरची श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समिती कांद्यासाठी राज्यभर माहीत आहे. बार्शी, पंढरपूर, सांगोला, अकलूज इथल्या समित्याही आपापल्या जागी भक्कम आहेत. पैशाबरोबर त्यांच्याकडे मोकळं आवार, पाणी, वजनकाटे असतात आणि ते अनेकदा पैशापेक्षा मोलाचं ठरतं. समित्या 1963 च्या पणन कायद्याखाली चालतात, त्यांच्या अर्थसंकल्पाला पणन संचालकांची मंजुरी लागते आणि जिल्हा उपनिबंधकांची नजर असते. त्यामुळे "सभापतींनी हो म्हटलंय" एवढ्यावर थांबू नका. समितीचा ठराव आणि त्याची प्रत हातात घ्या.

राज्य कृषी पणन मंडळ धान्य आणि फळ महोत्सवांना स्टॉलच्या संख्येवर अनुदान देतं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणि सोलापूर डाळिंब या दोघांना भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा या योजनेसाठी आपल्या जिल्ह्याची बाजू भक्कम आहे. नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांनाही भेटा. शेतकरी कंपन्या आणि बचत गटांच्या स्टॉलपुरती मदत तिथून होऊ शकते.

एक खबरदारी. एकाच खर्चासाठी दोन ठिकाणांहून पैसे मागू नका. मांडव आत्माकडून, चर्चासत्र जिल्हा परिषदेकडून, जागा बाजार समितीची, अशी वाटणी प्रस्तावातच लिहून टाका. लेखापरीक्षक सगळ्यात आधी दुबार खर्चच शोधतात.

तारीख ठरवताना

जिल्ह्यात प्रदर्शनासाठी चांगले दिवस मोजके आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बीची पेरणी, त्यावेळी माणूस पाभरीमागे असतो. कार्तिकीला पंढरपूर आणि वाखरीचा जनावरांचा बाजार. 12 जानेवारीच्या सुमाराला सोलापुरात नंदीध्वज निघतात, त्या काळात होम मैदान गड्ड्याचं असतं आणि पोलीस बंदोबस्तही तिकडेच. फेब्रुवारीत ज्वारीची काढणी सुरू, एप्रिलपासून ऊन चाळिशीच्या पुढे. उरतो डिसेंबरचा मध्य ते जानेवारीचा पहिला आठवडा. ज्वारी हुरड्यात असते आणि उभं पीक शेतातच दाखवता येतं.

त्यातही येळवसेचा दिवस टाळा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शी पट्ट्यात वेळ अमावस्येला अख्खं घर शेतात असतं, तुमच्या मांडवात कुणी येणार नाही. आम्ही एकदा कॅलेंडर नीट न बघता उद्घाटन त्याच दिवशी धरलं होतं. खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि आलेले शास्त्रज्ञ एकमेकांनाच भाषणं देत बसले. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

निवडणुकीची आचारसंहिताही बघून ठेवा. ती लागली की नव्या मंजुऱ्या थांबतात आणि मंचावरची नावं बदलावी लागतात.

प्रस्ताव: कधी आणि काय

आत्माचा रस्ता खालून वर जातो. तालुक्याचा कृती आराखडा शेतकरी सल्ला समितीपुढे येतो, त्यावरून जिल्ह्याचा तयार होतो आणि मग राज्याचा. वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून तुमच्या प्रदर्शनाची ओळ जानेवारी ते मार्चमध्ये तालुका आराखड्यात शिरली पाहिजे. सल्ला समितीत तुमच्या ओळखीचा शेतकरी कोण आहे ते शोधा, त्याला बैठकीत हा विषय मांडायला सांगा आणि इतिवृत्तात तो आला का ते स्वतः वाचा. इतिवृत्तात नसलेली मागणी झालीच नाही असं धरतात.

जूनमध्ये सविस्तर प्रस्ताव द्या. चार-पाच पानं पुरतात. पहिल्या पानावर प्रदर्शन कशासाठी ते लिहा, आणि नेमकं लिहा. "शेतकऱ्यांना आधुनिक तंत्रज्ञानाची माहिती देणे" हे वाक्य प्रत्येक फाईलमध्ये असतं, ते कुणी वाचत नाही. त्याऐवजी असं लिहा: हलक्या जमिनीत फुले अनुराधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, भारी जमिनीत फुले वसुधा आणि सोबत आपली मालदांडी, असे ज्वारीचे चार प्लॉट शेतकऱ्याला शेजारी शेजारी दाखवणार. डाळिंबाच्या तेल्या आणि मर रोगावर केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ रोगट फांद्या हातात घेऊन समजावणार. असा प्रस्ताव वाचणाऱ्याला मैदान डोळ्यासमोर दिसतं.

पुढच्या पानांवर जागेचा सातबारा किंवा ना-हरकत पत्र, स्टॉलचा नकाशा, दिवसवार कार्यक्रम, अंदाजपत्रक आणि कोणता खर्च कोण करणार याचा तक्ता. मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र, सोलापूरचं कोरडवाहू संशोधन केंद्र, रब्बी ज्वारीचं केंद्र यांची संमतीपत्रं जोडा. शास्त्रज्ञ फुकट येतात, पण महिनाभर आधी पत्र लागतं. अर्ज आवक शाखेत देऊन क्रमांक आणि तारखेचा शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्यायला विसरू नका.

अंदाजपत्रकाबद्दल माझं मत कडक आहे. मंच, हार, शाल-श्रीफळ, फ्लेक्स यांवर एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त लावू नका. पिकांची प्रात्यक्षिकं, माती तपासणीचा स्टॉल, पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि लांबच्या गावांना एसटीची सोय, पैसे इथं घाला. बायकांसाठी स्वच्छतागृह नसेल तर बायका येत नाहीत, आणि खुरपणीपासून बियाणं निवडण्यापर्यंत निम्मी शेती त्यांच्या हातात आहे.

कार्यादेश हातात येईपर्यंत खिळा ठोकू नका

आमच्या पहिल्या प्रदर्शनाची गोष्ट सांगतो. प्रस्ताव मंजूर झाल्याचं फोनवर कळलं. तारीख जवळ आली होती, म्हणून आम्ही मांडववाल्याला तोंडी काम दिलं. प्रदर्शन सुरेख झालं, माणसं लोटली. नंतर बिल सादर केलं तेव्हा कळलं की प्रशासकीय मान्यतेची तारीख प्रदर्शनानंतरची आहे. आधी झालेल्या कामाचे पैसे नंतरच्या मान्यतेवर देता येत नाहीत. त्या कार्यालयातल्या माणसांनी त्यांच्या परीने प्रयत्न केला, पण आक्षेप नियमाला धरून होता. गटातल्या 11 जणांनी घरातून पैसे काढून मांडववाल्याचं देणं फेडलं. एकाने त्यासाठी पाडी विकली.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. प्रशासकीय मान्यता, निधी वितरणाचा आदेश, दरपत्रक किंवा निविदा, कार्यादेश (पुरवठादाराला काम सुरू करायचा लेखी आदेश), काम, मोजमाप, बिल. यातली एकही पायरी मागे-पुढे होऊ द्यायची नाही. राज्याचं खरेदी धोरण 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाचं आहे, त्यात नंतर दुरुस्त्या झाल्या आहेत. कितीपर्यंत दरपत्रकांवर चालतं आणि कितीपासून ई-निविदा लागते ही मर्यादा त्या वर्षी काय आहे, ते लेखा शाखेत विचारून लिहून घ्या. ई-निविदा टाळायला एकच मांडव तीन बिलांत तोडू नका. असं तुकडे पाडणं लेखापरीक्षकाला पहिल्या पानावर दिसतं.

आणि हे नीट समजून घ्या: सरकारी निधी सहसा तुमच्या गटाच्या खात्यात येत नाही. यंत्रणा थेट पुरवठादाराला पैसे देते, तुम्ही सहआयोजक असता. त्यामुळे पुरवठादाराकडे जीएसटी क्रमांक, पक्कं बिल आणि बँक खातं आहे ना, ते आधी पाहा. गावातला ओळखीचा मांडववाला स्वस्त पडतो, पण कच्च्या पावतीवर काही मिळत नाही.

परवानग्या

पोलीस ठाण्याची परवानगी, जागेच्या मालकाची किंवा ग्रामपंचायतीची ना-हरकत, महावितरणची तात्पुरती जोडणी, वीज मांडणीची तपासणी, अग्निशमनाची सोय आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी ही नेहमीची यादी. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. खाद्यपदार्थांच्या प्रत्येक स्टॉलला अन्न सुरक्षा नोंदणी लागते, बचत गटाच्या हुरडा-पिठल्याच्या स्टॉललाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती निविष्ठांच्या स्टॉलवर. बियाणं, खत, कीटकनाशक विकायचा परवाना ठरावीक जागेपुरता असतो. दुकानाचा परवाना दाखवून मैदानात पिशव्या विकता येत नाहीत. कंपन्यांना फक्त माहिती आणि नमुने मांडू द्या. विक्री करायचीच असेल तर गुण नियंत्रण निरीक्षकांकडून आधी लेखी स्पष्टता घ्या आणि बिल सक्तीचं करा. प्रदर्शनात घेतलेलं बियाणं उगवलं नाही, तर बिलाशिवाय शेतकऱ्याची तक्रार उभीच राहत नाही. लेबल नसलेली 'चमत्कारी' औषधं घेऊन येणारे लोकही असतात. स्टॉल देतानाच त्यांना नाही म्हणा, भाडं कितीही देऊ करोत. आपल्या मैदानावर विकलं गेलं म्हणजे शेतकरी ते आपल्या विश्वासावर घेतो.

जनावरांबाबत नियम आणखी कडक झालेत आणि ते योग्यच आहे. 2022 मध्ये लम्पीच्या साथीत जनावरांचे बाजार बंद करावे लागले होते. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याखाली शासन एखादं क्षेत्र नियंत्रित घोषित करू शकतं, मग प्रदर्शनही थांबतं. राज्यात 1 जून 2024 पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. म्हणून खिलार किंवा पंढरपुरी म्हशींचं प्रदर्शन असेल तर प्रवेशद्वारावरच बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक वहीत नोंदवा, लसीकरण तपासा, आजारी जनावरासाठी वेगळा गोठा ठेवा. बैलगाडा शर्यत जोडायची इच्छा बऱ्याच ठिकाणी असते. सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी राज्याचा कायदा वैध ठरवला असला तरी त्यासाठी प्रशासनाची स्वतंत्र परवानगी लागते. सरकारी निधीच्या प्रदर्शनात शर्यतीचा खर्च मिसळू नका.

मैदानावर

स्टॉलवाटप सोडतीने करा, सगळ्यांसमोर. दरवाजाजवळचे स्टॉल शेतकरी गटांना राखून ठेवा, ट्रॅक्टर कंपन्यांना मागे पाठवा. त्या कितीही मागे असल्या तरी पोरं शोधत जातातच. भाड्याची प्रत्येक रक्कम बँकेत, पावती पुस्तकाचे क्रमांक आधी नोंदवलेले.

चर्चासत्रं सकाळी ठेवा, दोनच्या आत संपवा. मंचावरून बोलण्यापेक्षा प्लॉटच्या बांधावर उभं राहून झालेली अर्ध्या तासाची बोलणी जास्त कामाची. येणाऱ्याचं नाव, गाव, पीक आणि विचारलेला प्रश्न असे चार रकाने नोंदवहीत ठेवा. प्रश्नांचा रकाना मी आग्रहाने ठेवतो. एका वर्षी डाळिंबाच्या खोड भुंगेऱ्याबद्दल इतक्यांनी विचारलं की पुढच्या वर्षीचं मुख्य चर्चासत्र त्यावरच ठरवलं.

हिशेब आणि नजर

प्रदर्शन संपल्यावर आठ दिवसांत फाईल बांधून टाका. जानेवारीत झालेल्या कामाची बिलं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेली, तर कोषागाराच्या गर्दीत अडकतात आणि निधी परत जाऊ शकतो. फाईलमध्ये मान्यतेचे आदेश, दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता, कार्यादेश, मांडवाचं चौरस फुटांत मोजमाप, तारीख-ठिकाण दिसणारे फोटो, नोंदवही, वक्त्यांची उपस्थिती आणि बिलं. यावरून यंत्रणा उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामालाच लागल्याचा दाखला, देते. ते गेलं नाही तर पुढच्या हप्त्याला अडचण येते, म्हणजे तुमच्या आळसाचा फटका दुसऱ्या तालुक्याला बसू शकतो.

जिल्हा परिषदेच्या खर्चाची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो, आत्माची सनदी लेखापाल करतात आणि महालेखापालांचं पथकही येऊ शकतं. तपासणीला लोक घाबरतात. मला मात्र ती आयोजकाच्या बाजूची वाटते. गावात कुजबुज सुरू झाली की "पैसे खाल्ले" या शब्दाला तोंडी उत्तर नसतं, त्यावेळी फाईलच बोलते.

तुम्ही आयोजक नसून फक्त शेतकरी असाल, तरी तुमच्या तालुक्यात झालेल्या प्रदर्शनाचा खर्च विचारायचा हक्क तुम्हाला आहे. माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लावून अर्ज करा. मंजूर रक्कम, कार्यादेश, बिलांच्या प्रती आणि उपयोगिता प्रमाणपत्र, एवढंच नेमकं मागा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या अपील अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. आम्ही आयोजक म्हणून अर्जाची वाट बघत नाही. जमा-खर्चाचा एक पानी तक्ता ग्रामपंचायतीच्या आणि बाजार समितीच्या फलकावर स्वतःच लावतो, स्टॉलभाड्यासकट.

तो तक्ता लागतो साधारण फेब्रुवारीत. त्याच महिन्यात तालुका शेतकरी सल्ला समितीची बैठक असते. प्रश्नांच्या रकान्याची बेरीज आणि पुढच्या डिसेंबरच्या प्रदर्शनाची मागणी, दोन्ही एकाच पाकिटात घालून त्या बैठकीला घेऊन जा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका.